दोन हिवाळे

त्या दिवशी मी फोन काढला होता
छताची गळती घरमालकाला दाखवायला.
वालपाराईसोच्या टेकडीवरचं आमचं दुकान,
जेमतेम दोन माणसं आणि एक शिवणयंत्र मावेल एवढं.

चौकटीत चुकून आल्या दोन्या एर्मिंदा,
हातात काळे बूट, टाच एका अंगाने झिजलेली.
"हे टाकूनच देते, बेलार्मिनो. नवे कुठे घेऊ, सांग."
बाबांनी बूट उलटा केला, अंगठ्याने तळ दाबला,
वास घेतला (हो, ते वास घेतात)
आणि म्हणाले, "नवे कशाला?
हे अजून दोन हिवाळे काढतील."

एवढंच. एकोणीस सेकंद.
मागे बादलीत टपटप.

झोप येईना म्हणून रात्री मी ते टाकलं.
सकाळी सहा हजार. जेवणवेळेला दोन लाख.
शनिवारी मोजायचं सोडलं.
कोरियातल्या कुणी त्या टपटपीवर ताल धरला,
पोलंडमधली एक बाई रडली, का ते तिलाही सांगता येईना,
लोकांनी आपापल्या मोडक्या खुर्च्या, गाड्या, नवरे
सगळ्यांचे फोटो टाकले :
अजून दोन हिवाळे काढतील.

आणि मग विचारू लागले,
तुमच्याकडे विकत काय मिळेल?

गंमत बघा.
घेऊ नका म्हणाला जो माणूस
त्याच्याकडूनच घ्यायचं होतं सगळ्यांना.

निबाल्दो, माझा आतेभाऊ, म्हणाला,
"यास्ना, तवा तापलाय."
टोप्या छापल्या, पिशव्या छापल्या,
बाबांच्या मिशा असलेली पॉलिशची डबी.
तीनशे गेल्या, मग तीन हजार,
टेपने खोकी बंद करता करता माझी बोटं सोलली.

मी शिकले.
तिसऱ्या सेकंदाला माणूस निघून जातो
म्हणून दुसऱ्या सेकंदाला हातोडीचा ठोका.
चेहरा आधी, किंमत शेवटी.
गळती आता थांबली होती, पैसे आले होते ना,
तर शिडीवर चढून मी स्वतः
मगाने पाणी सोडायचे बादलीत,
थेंब थेंब,
मनगट भरून येईस्तोवर.

मग नाटकवाला गास्पार आणला, गिऱ्हाईक म्हणून.
त्याने कुठूनसे बूट आणले,
तळ फुटलेला, कातड्याचा पापड झालेला.
बाबांनी दाबून पाहिलं. वास घेतला.
"हे संपलेत. नवे घे."

बाबा, नुसतं वाक्य म्हणा.
"संपलेत, पोरी."
सात वेळा घेतलं. सातही वेळा तेच.
"वाक्य बुटाचं असतं," ते म्हणाले,
"माझं नसतं."

रागाने मी तेच टाकलं, आहे तसं.
लोकांनी खाली लिहिलं :
विकला गेला म्हातारा.

टोप्यांची बावीस खोकी अजून आहेत,
त्यांवर मांजर व्यायली. निबाल्दो
आता मधाच्या मागे आहे, मध जोरात चालेल म्हणतो.
चालेलही.

जूनमध्ये दोन्या एर्मिंदा आल्या.
तेच बूट. बरोबर तिसरा हिवाळा.
त्यांच्या घरी फोन आहे तो भिंतीवरचा,
चाळीस लाख लोकांनी आपल्याला पाहिलं
हे त्यांच्या गावीही नाही.
"काय, धंदा बरा?" त्यांनी विचारलं.
"पावसाळी दिवस, बरा म्हणायचा," बाबा म्हणाले,
आणि बूट उलटा केला.

माझा हात खिशाकडे गेला.
मी नेला नाही. गेला.

बाबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.
दिव्याची दोरी ओढली फक्त,
आणि ती टाच त्यांनी
अंधारातच बसवली, बोटांनी चाचपत,
खिळे ओठांत धरून.